मुलाचं नाव 'राजे' ठेवलं तर?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

दादा-वहिनीला मुलगा झालाय. बारसं येत्या रविवारी. मी एकुलती एक आत्या, त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचं काम माझं. आणि नाव ठरलंय 'राजे'. शिवराज नाही, राजेंद्र नाही, राजेशही नाही. नुसतं राजे. दादाचं म्हणणं असं, "शाळेत मास्तरांना हाक मारायची झाली तरी आदरानेच मारावी लागली पाहिजे." आईला आजोबांचं रामचंद्र हवं होतं, त्यामुळे ती दादाशी फक्त कामापुरतं बोलते. आमचं आडनाव अगदी कारकुनी वळणाचं. घराण्यात राजा सोडा, साधा पोलीस पाटीलही झालेला नाही.

तर प्रश्न असे. अशी पदवी थेट नाव म्हणून जन्मदाखल्यावर चालते का? आणि पोराला पुढे त्रास होईल का? तुमच्या पाहण्यात अशी नावं असतील तर सांगा. वहिनी इथे येत नाही, निदान मला तरी तसं वाटतं.

खवचट_काका
मी पयला!
"राजे, गृहपाठ कुठाय? राजे, वर्गाबाहेर उभे राहा!" मास्तरांना ऐतिहासिक नाटकात काम केल्याचं समाधान फुकटात.

पोपटपंची
बारशाला 'कुर्रर्र' नको आता, 'होश्शियार' म्हणायचं.

मऊभात
हसून हसून पुरेवाट. सांजवेळ, नाव गोड आहे गं. हल्लीच्या रेयांश, क्रियांश, वियांशपेक्षा शंभर पटीने बरं. आमच्या सोसायटीत खेळायच्या वेळी कुणीही 'अंश!' अशी हाक मारली की सात पोरं वळून बघतात.

फळा_आणि_खडू
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, जालना जिल्ह्यात. हजेरीपटात श्रीमंत, सरदार, युवराज, सुलतान ही नावं आम्हाला नवीन नाहीत. एक 'कलेक्टर' पण होता. आजोबांनी ठेवलेलं नाव, गावात कधीतरी कलेक्टरसाहेबांची गाडी आली होती त्या दिवशी जन्मला म्हणून.

दादाला सांगा, आदराची आशा सोडून द्या. पोरं कुठल्याही नावाला 'या' लावतात आणि विषय संपवतात. श्रीमंताचा श्रीमंत्या होतो, युवराजचा युव्या, सम्राटचा सम्र्या. आमच्या कलेक्टरचा 'कलक्या' झाला होता. राजेचा राज्या व्हायला पहिलीचा पहिला आठवडा पुरेल. आणि मास्तर मंडळी पटावरचं नाव एकदाच वाचतात, नंतर आडनावाने हाक मारतात.

त्रासाचं म्हणाल तर नावाचा त्रास मी मुलींना झालेला जास्त पाहिलाय. 'नकुशी' नाव घेऊन पाचवीत बसलेली मुलगी मान वर करत नाही. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने अडीचशेहून जास्त नकुशींची नावं समारंभ करून बदलली होती, ते आठवत असेल. त्यापुढे राजे वगैरे लाडाची दुखणी.

इनामदारवाडा
कुणाला राग आला तरी स्पष्ट बोलतो. पदवी ही पदवी असते. ती पराक्रमाने मिळते किंवा वारशाने येते. ज्यांच्या घरात राजे लावायची रीत आहे त्यांनी लावावं. सातारा-कोल्हापूरकडे भोसले घराण्यात नावाला जोडून राजे येतं, त्याला तीनशे वर्षांचा इतिहास आहे. उद्या कुणीही उठून पाळण्यात 'छत्रपती' नाव ठेवेल. चालेल का?

खवचट_काका
@इनामदारवाडा, तुमच्या आयडीतला वाडा सातबाऱ्यावर आहे की पाळण्यातला?

डोंगरवाटा
इनामदारसाहेब, 'पदवी ही पदवी असते' हे आपल्याच इतिहासात टिकत नाही. आपल्याकडे पदवीचं नाव होणं ही नेहमीची गोष्ट आहे.

प्रतापराव गुजर घ्या. पाळण्यातलं नाव कुडतोजी. प्रतापराव हा महाराजांनी दिलेला किताब. १६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत ते पडले आणि सरनोबती, म्हणजे सेनापतिपद, हंसाजी मोहित्यांकडे आली. त्यांना किताब मिळाला हंबीरराव. आज कुडतोजी आणि हंसाजी ही नावं किती जणांना आठवतात? उलट प्रतापराव, हंबीरराव गावोगाव सापडतील, आणि त्यातल्या कुणालाही कुणी तलवार दिलेली नाही. आई-बापाने बारशात ठेवलेली नावं आहेत ती.

अक्कलकोटचे पहिले फत्तेसिंह भोसले जन्माने लोखंडे, नाव राणोजी. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून परत येत होते. वाटेत पारद गावी लढाई झाली, पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने लहान मूल महाराजांच्या पायावर घातलं. महाराजांनी ते वाढवलं, विजयाची आठवण म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह आणि आडनाव दिलं स्वतःचं. वारसा म्हणताय तो असाही येतो.

कोल्हापूरचे शाहू महाराज मूळचे कागलचे यशवंतराव घाटगे. १८८४ साली दत्तक गेले आणि शाहू झाले. 'राजर्षी' त्यांना १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी परिषदेत मिळालं. आता राजर्षी नावाची मुलं तुम्हाला पुण्यात, कोलकात्यात कुठेही भेटतील.

मऊभात
डोंगरवाटा, तुमचा प्रतिसाद वाचला की स्वतंत्र धागा वाचल्यासारखं वाटतं. +१

ऑकलंडची_सुमा
सांजवेळ, तुझा दादा न्यूझीलंडमध्ये नाही हे त्याचं नशीब. इथे निबंधक नाव नाकारू शकतो. नाव आक्षेपार्ह नको, सत्तर अक्षरांपेक्षा लांब नको, आणि योग्य कारण असल्याशिवाय एखाद्या अधिकृत पदवीसारखं किंवा हुद्द्यासारखं नको. नाकारलेल्या नावांची यादी दर वर्षी पेपरात येते आणि आम्ही ऑफिसात चहासोबत वाचतो. किंग, प्रिन्स, प्रिन्सेस, ड्यूक, बिशप, मेजर हे कायमचे पाहुणे. २००१ ते २०१३ या काळात सगळ्यात जास्त वेळा परत पाठवलेलं नाव होतं जस्टिस, ६२ वेळा. त्याच्याखाली किंग, ३१ वेळा. तरी लोक अर्ज करतातच.

गंमत अशी की २००८ मध्ये कौटुंबिक न्यायालयात एका नऊ वर्षांच्या मुलीच्या नावाचं प्रकरण आलं. आई-बापाने नाव म्हणून अख्खं वाक्य ठेवलं होतं, ती बिचारी मैत्रिणींना खरं नाव सांगायचीच नाही. न्यायाधीशांनी नाव बदलता यावं म्हणून तिला न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं. निकालात त्यांनी देशातल्या इतर विचित्र नावांची उदाहरणं दिली, त्यात 'सोळा नंबरचा बस थांबा' हे नाव मंजूर झालेलं होतं! म्हणजे बस थांबा चालतो, राजपुत्र चालत नाही.

पोपटपंची
बस थांबा किमान लोकांच्या उपयोगी पडतो.

निळीपाखरं
इनामदारवाडा यांचा प्रतिसाद वाचून दोन तास थांबले, मग लिहायला बसले.

"ज्यांच्या घरात रीत आहे त्यांनी लावावं." ही रीत कुणी ठरवली, तेही बघू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत हे सांगितलंय. ब्राह्मणाचं मंगलवाचक, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनवाचक आणि शूद्राचं निंदावाचक. निंदावाचक! म्हणजे मूल जन्मल्या जन्मल्या त्याची पायरी नावातच लिहून ठेवायची. माझ्या पणजोबांच्या पिढीतली नावं कचरू, उकिरड्या, धोंड्या. तुम्ही म्हणाल मूल जगावं म्हणून सगळ्याच जातींत अशी नावं ठेवायचे. ठेवायचे, मान्य. पण वरच्या घरातला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत व्हायचा. आमचा धोंड्या म्हातारा झाला तरी गावाला धोंड्याच.

१९५६ नंतर आमच्या घरांमध्ये नावं बदलली, आणि अगदी ठरवून बदलली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, आम्रपाली. मिलिंद हे तर राजाचं नाव, ग्रीक राजा मिनँडर, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ते नाव लावलं. आणि सम्राट! आमच्या वस्तीत एकाच वेळी तीन सम्राट होते, सम्राट अशोकावरून. माझा सख्खा मामा त्यातला एक. तो नगरपालिकेत सफाई कामगार होता. मुकादमाला रोज सकाळी हजेरी घेताना 'सम्राट' म्हणून पुकारावं लागायचं आणि मामा मुद्दाम पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. दुसऱ्यांदा म्हणायला लावायचा.

तेव्हा सांजवेळ, तुझ्या दादाने खुशाल राजे ठेवावं. ज्याच्या घरात राजा झाला नाही त्याने तर जरूर ठेवावं.

फळा_आणि_खडू
निळीपाखरं, मामांना माझा नमस्कार सांगा. 'या' लावून विषय संपवतात असं मी वर सहज लिहून गेले, पण 'या' कोण कुणाला लावतं हेही बघायला हवं, हे तुमच्यामुळे लक्षात राहील.

इनामदारवाडा
माझा रोख जातीवर नव्हता. विनाकारण वळण दिलं जातंय. मी फक्त पदव्यांचं पावित्र्य म्हणत होतो.

निळीपाखरं
पावित्र्य शब्द आला की आमच्याकडे लोक सावध होतात, इतकंच.

संपादक
चर्चा नावांवर राहू द्या. वैयक्तिक रोखाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

काळाकोट
मूळ प्रश्नाचं कायदेशीर उत्तर कुणीच दिलेलं नाही, म्हणून देतो. फी नंतर पाठवतो.

१) आपल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात, म्हणजे १९६९ च्या, बंदी असलेल्या नावांची यादी नाही. न्यूझीलंडसारखी हुद्द्यांची अट नाही. राजे, सरदार, नवाब, काहीही लिहून द्या.

२) राज्यघटनेचं अठरावं कलम किताब बंद करतं, पण ते सरकारला उद्देशून आहे. लष्करी आणि शैक्षणिक बहुमान सोडून राज्यसंस्थेने किताब द्यायचे नाहीत, आणि नागरिकाने परक्या राज्याकडून घ्यायचे नाहीत. दादा म्हणजे राज्यसंस्था नव्हे. वहिनी असतील तर माहीत नाही. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेले. म्हणजे आज कायद्याच्या नजरेत कोल्हापूरचा राजे आणि तुमच्या पाळण्यातला राजे एकाच रांगेत उभे आहेत.

३) जन्माची नोंद नावाशिवाय होते. नाव बारा महिन्यांच्या आत कळवलं तर शुल्क नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना अशा सगळ्यासाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झालाय. तेव्हा घाई करू नका आणि फार उशीरही करू नका.

४) पोरगं मोठं झाल्यावर नाव बदलायचं म्हणालं तर राजपत्रात जाहिरात देऊन बदलता येतं. जगबुडी होत नाही.

सांजवेळ
बापरे, दोन दिवसांत एवढे प्रतिसाद! काळाकोट, मनापासून धन्यवाद. निळीपाखरं, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती मामांच्या हजेरीवर हसली आणि मग बराच वेळ गप्प होती. रामचंद्राचा हट्ट अजून सुटलेला नाही, पण काल दादाला "भाजी वाढू का" असं विचारलंन.

पेन्शनर_परळ
सर्व तरुण मंडळींना एक मुंबईची गोष्ट सांगतो. आपण जे.जे. म्हणतो ते सर जमशेटजी जीजीभॉय. बॅरोनेट झालेले पहिले हिंदी गृहस्थ, १८५७ सालचे. हा किताब वंशपरंपरेने चालणारा. आता गंमत पाहा. १८६० साली खास कायदा झाला की पुढे जो जो वारस बॅरोनेट होईल त्याने आपलं पाळण्यातलं नाव सोडून जमशेटजी जीजीभॉय हेच नाव धारण करायचं. थोरले चिरंजीव कर्सेटजी होते, तेही जमशेटजी झाले. इथे पदवीचं नाव नाही झालं, पदवीने नावच गिळलं.

दुसरी गोष्ट 'रावसाहेब'. इंग्रजांच्या काळी हा सरकारी किताब होता. रावसाहेब, त्यावर रावबहादूर, मुसलमान आणि पारशी मंडळींना खानसाहेब, खानबहादूर. इतिहासकार पारसनीस रावबहादूर होते. आमच्या आजोबांच्या ओळखीतल्या एकाने रावसाहेबकी मिळावी म्हणून कलेक्टरला आंब्याच्या पेट्या पाठवून पाठवून बाग विकली असं घरी सांगत. आणि आता? नगर, जालना, सांगली, कुठेही जा, दहावी नापास झालेला रावसाहेब ट्रॅक्टर चालवताना भेटेल. बारशातच किताब मिळालेला. आंबे वाचले.

(१८५७ चे रावसाहेब पेशवे वेगळे, ते पांडुरंगराव. तिथे ते घरातलं आदराचं नाव होतं. डोंगरवाटा चूक काढण्याआधी स्वतःच लिहितो.)

डोंगरवाटा
:) मी टाइप करायला सुरुवात केली होती.

जर्सीचा_बाब्या
अमेरिकेत उलटी तऱ्हा आहे. इथल्या राज्यघटनेत सरकारने सरदारकीचे किताब द्यायचे नाहीत असं पहिल्याच कलमात लिहिलंय, आणि लोकांनी ती हौस पाळण्यात भागवून घेतली. अर्ल म्हणजे इंग्लंडातला उमराव, इथे ते साधं पोराचं नाव. शाळांमधली वर्णभेदाची व्यवस्था १९५४ साली घटनाबाह्य ठरवणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन. वादक ड्यूक एलिंग्टन मात्र पाळण्यातला ड्यूक नव्हे. त्याचं नाव एडवर्ड, ऐटबाज राहणीमुळे दोस्तांनी ड्यूक केलं. काउंट बेसी मूळचा विल्यम. पण गायक प्रिन्स? लोकांना वाटतं रंगमंचावरचं नाव. ते त्याचं जन्मदाखल्यावरचं नाव होतं. वडील 'प्रिन्स रॉजर्स' नावाने पियानो वाजवायचे, त्यांनी ते मुलाला दिलं.

माझ्या मुलीच्या वर्गात एक किंग आणि एक मेजर आहे. दोघेही डबा सांडतात.

लेस्टरचा_पोर
ब्रिटनमध्ये नावावर बंदी नाही, पण पासपोर्टात शेरा मारतात. 'लॉर्ड' हे नाव असेल तर आत छापतात की हा उल्लेख धारकाच्या नावाचा आहे, पदवीचा नाही. राजाचं राज्य असलेल्या देशातलं हे कारकुनी चातुर्य मला फार आवडतं.

म्युनिकचे_जोशी
जर्मनीत १९१९ च्या राज्यघटनेने सरदारांचे विशेषाधिकार काढले, पण पदवी आडनावाचा भाग म्हणून ठेवू दिली. त्यामुळे ग्राफ, फ्राइहेर हे आता दारावरच्या पाटीवरच्या नावाचा तुकडा आहेत. शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच साली आडनावाआधीच्या सरदारी 'फॉन'सकट सगळंच उपटून टाकलं.

मांडवीकाठ
गोंयचो मनीस आलो! आमच्याकडे पेडण्याचे देशप्रभू, हिंदू घराणं आणि पोर्तुगीजांनी दिलेली व्हायकाउंटची पदवी. पेडण्यात अजून लोक वाड्याचा रस्ता सांगताना 'व्हिशकोंदाचो वाडो' म्हणतात. पण नाव म्हणून व्हिशकोंद कुणी ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही. आम्ही थेट माणसंच उचलतो. आमचे एक माजी मुख्यमंत्री चर्चिल आलेमाव आहेत.

पोपटपंची
चर्चिल गोव्यात, स्टॅलिन चेन्नईत. रूझवेल्ट सापडला की याल्टा परिषद भरवू.

मांडवीकाठ
मेघालयात अडॉल्फ लू हिटलर मराक नावाचे मंत्री होऊन गेले. तेव्हा परिषदेआधी युद्धाचीही सोय आहे.

मऊभात
तमिळनाडूचे स्टॅलिन जन्मले आणि चारच दिवसांत खरा स्टॅलिन वारला ना? १ मार्च १९५३ चा जन्म यांचा, आणि तो गेला ५ मार्चला.

काळाकोट
बरोबर. राजकारणात वेळ साधणं म्हणतात ते हेच.

तिखटमीठ
अवांतर: कर्नाटकात पूर्वीच्या रामनगर (आता बेंगळुरू दक्षिण) जिल्ह्यात भद्रापूर म्हणून गाव आहे, हक्की-पिक्की समाजाचं. पूर्वी भटकं जीवन, पक्षी पकडणं हा धंदा, घरात वागरी बोली. तिथल्या मुलांची नावं गूगल, कॉफी, हायकोर्ट, ब्रिटिश. पेपरवाले दर दोन-चार वर्षांनी जाऊन फोटो काढतात आणि हसतात. मला त्यात हसण्यासारखं वाटत नाही. ज्या गोष्टीचा दबदबा जाणवला ती पोराला दिली. हायकोर्ट आणि राजे यात तसा काय फरक? आपल्याला दबदबा तीनशे वर्षांपूर्वीचा लागतो, त्यांना आत्ताचा चालतो.

फळा_आणि_खडू
अगदी. माझा कलेक्टर याच हिशेबातला.

इनामदारवाडा
हायकोर्टाशी तुलना पटली नाही, पण मुद्दा कळला. रावसाहेबांचं उदाहरण मात्र पटलं. आमच्या चुलत्यांचं नाव रावसाहेब आहे आणि ते किताब होता हे मला आजच कळलं.

खवचट_काका
म्हणजे वाडा पाळण्यातला निघाला.

डोंगरवाटा
उलट्या बाजूचंही एक उदाहरण द्यायचं राहिलं. पुण्यात बाजीराव रोडजवळचं 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. मी तिथे येणाऱ्या पाहुण्यांना कितीदा ऐकलंय, "हे राजा दिनकर कुठल्या संस्थानचे?" दिनकर केळकर संस्थानिक नव्हते, चष्म्याचं दुकान असलेले गृहस्थ, कविता करायचे. अडकित्ते, दिवे, दौती, दारं, मिळेल ते आयुष्यभर गोळा करत राहिले. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला. संग्रह त्याच्या नावाने आहे. लोकांना नाव पदवी वाटते.

सांजवेळ
हे मला अजिबात माहीत नव्हतं. शाळेच्या सहलीत जाऊन आलेय मी तिथे.

मऊभात
मीसुद्धा संस्थानिकच समजत होते.

ऑकलंडची_सुमा
अगं, बारशाचं काय झालं ते सांग ना!

सांजवेळ
झालं काल. सविस्तर लिहिते.

सकाळी आईने पाळणा स्वतः सजवला, त्यावरून मला वाटलं वारं फिरलं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, बाळ पाळण्याखालून-वरून गेलं, माझ्या पाठीवर धपाटे बसले (चुलत वहिनींनी बरेच जुने हिशेब चुकते केले). मी कानात 'राजे' सांगितलं. मग आई पुढे आली, म्हणाली, आता मी. आणि दुसऱ्या कानात 'रामचंद्र' सांगून मोकळी. वर म्हणते, "पत्रिकेतलं नाव आजीने ठेवायचं असतं." असं काही नसतं हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही.

दादाने पालिकेत 'राजे' असंच लिहून दिलंय. काळाकोट म्हणाले तसंच झालं, खिडकीवर कुणी काही विचारलं नाही, फक्त "आडनाव राजे की नाव राजे?" एवढं विचारलं. आणि वहिनी हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतेय. 'पोपटपंची कोण आहे, एकदा जेवायला बोलव' असा निरोप आहे.

पोपटपंची
येतो. राजेंना मुजरा करावा लागेल की खुळखुळा चालेल?

निळीपाखरं
अभिनंदन! राजेंना आमच्या सम्राटमामांकडून आशीर्वाद. त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, आत्याला सांग, पोराला पहिल्या हाकेला ओ देऊ नको म्हणून शिकव.

पेन्शनर_परळ
आजींच्या 'पत्रिकेतलं नाव' या युक्तीला दाद दिली पाहिजे.

लेस्टरचा_पोर
खिडकीवरच्या प्रश्नावरून आठवलं. पासपोर्ट काढताना इंग्रजी स्पेलिंग नीट ठरवा. आमच्या ओळखीत एका 'राजे'चं इंग्रजी स्पेलिंग वाचून इथले लोक 'रेज' म्हणतात. म्हणजे संताप. पोरगं मुळात फार शांत आहे.

काळाकोट
शेवटी 'ई' असेल तर तसंच होणार. पण दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर एकच स्पेलिंग ठेवा. 'राजे' कुणी अडवत नाही, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सगळे अडवतात.

तिखटमीठ
माझ्या बहिणीकडे पुढच्या महिन्यात बारसं आहे, मुलगी. जावईबापूंच्या मनात 'महाराणी' आहे. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

संपादक
नवीन काढा.